उगवतीचा पडदा

“पडदे ओढले का रे?”

बाबांचा हा आवाज दीपगृहाच्या गोल जिन्यातून गिरक्या घेत वर चढायचा, आणि दादाचं “ओढले” तसंच गिरक्या घेत खाली उतरायचं. रोज सकाळी, दिवा विझवल्यावर, आईने चहाचं आधण ठेवण्याच्या आधी. नऊ वर्षांची ती मधल्या खोलीत पांघरुणात असायची. एक आवाज वर जाताना आणि एक खाली येताना तिच्या दारावरून जायचा. तेवढ्यावरून तिला कळायचं की रात्र सुखरूप पार पडली, आता डोळे उघडायला हरकत नाही.

लोकांना वाटतं, दिवेवाल्याचं काम रात्रीचं. जोखमीचं काम खरं सकाळचं. वरच्या काचेच्या खोलीत माणसाहून उंच असं भिंग होतं, मधमाश्यांच्या पोळ्यासारखं फुगीर, काचेच्या शेकडो पट्ट्यांचं. रात्री ते एवढ्याशा ज्योतीचा उजेड समुद्रभर उधळायचं. दिवसा मात्र त्याचा स्वभाव उलटा व्हायचा. बाहेरचं ऊन गोळा करून ते एका ठिकाणी आणून ठेवायचं, आणि जिथे ठेवायचं तिथे आधी धूर निघायचा, मग ज्वाळा. म्हणून उजाडलं की खोलीभोवतीचे आठ जाड पडदे ओढायचे. उगवतीचा सगळ्यात आधी.

त्रेपन्न वर्षांपूर्वी एका सकाळी दादाने आठही पडदे ओढले, खाली हाक दिली आणि तो पाणी आणायला गेला. त्यानंतर ती गुपचूप वर चढली होती. उगवतीचा पडदा वीतभर सरकवला की भिंगातून सात रंग फुटायचे आणि तिच्या झग्यावर येऊन बसायचे, हे तिला आदल्या आठवड्यात कळलं होतं. रंग आले. तिने ते ओंजळीत धरले, गालाला लावून पाहिले. एवढ्यात खालून आईने हाक मारली, शेळी सुटली आहे, धाव. ती धावली. शेळी सापडायला तासभर लागला, आणि शेळीला घेऊन वळली तेव्हा मनोऱ्याच्या डोक्यावर धूर होता.

बाबांनी वाळूच्या बादल्या ओतून आग विझवली. वातींचं कपाट जळून गेलं, भिंगाच्या दोन पट्ट्या तडकल्या. मग बाबांनी दादाला समोर उभं केलं. पडदे ओढले होतेस का, म्हणून विचारलं. दादा म्हणाला, ओढले होते. उगवतीचा? हो. नीट आठव. पंधरा वर्षांचा दादा आठवत राहिला. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याचा आवाज बारीक झाला आणि तो म्हणाला, “आठवत नाही.”

त्या दिवसापासून तो विसरणारा माणूस झाला.

आता ती बासष्टची होती, शाळेतून निवृत्त झालेली विज्ञानाची मास्तरीण, आणि कड्यावरच्या वाटेच्या तोंडाशी उभी राहून बुटाच्या नाड्या आवळत होती. शेजारी दादा, अडुसष्टचा, पाठीला पिशवी, हातात काठी. महिन्यातून दोनदा, ओहोटीची वेळ जुळली की, एक वाटाड्या मुलगी हौशी लोकांना पायी त्या जुन्या दीपगृहापर्यंत घेऊन जाते, असं तिला समजलं होतं. तिने दोघांची नावं दिली आणि मगच दादाला सांगितलं. तो म्हणाला होता, “मला कशाला नेतेस तिथे? त्या दगडाने मला अजून माफ केलं नसेल.” हसत म्हणाला होता. म्हणूनच तिला नेटाने यायचं होतं.

तसं सांगायचे प्रयत्न तिने कमी केले नव्हते. लग्न ठरलं तेव्हा सांगणार होती. बाबा गेले तेव्हा सांगणार होती. इस्पितळात शेवटच्या आठवड्यात बाबा तिला म्हणाले होते, औषधाची वेळ तू लक्षात ठेव, त्याला नको सांगूस, तो विसरेल. दादा पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. त्याने मान डोलावली होती, अगदी पटल्यासारखी. आणि तिने चमच्यात औषध ओतलं होतं.

दीपगृहावर उमेदवार म्हणून लागायचा दादाचा अर्ज तयार होता. आगीनंतर बाबांनी त्यावर सही केली नाही. बाबांनाच मनोऱ्यावरून उचलून शहरातल्या कोठारात बसवलं गेलं, आणि दादा एका छापखान्यात कागद कापायच्या यंत्रावर लागला. तिथे त्याला चारदा मुकादम करायला निघाले, चारदा त्याने हात जोडले. जबाबदारी नको, मी विसरणारा माणूस. खरं तर तो काहीच विसरत नसे. कुलूप तीनदा ओढून बघायचा, शेगडी तीनदा, नळ तीनदा. वहिनी पाहुण्यांना सांगायची, आमचं कुलूप चोराला नाही भीत, ह्यांना भितं. सगळे हसायचे. तीही हसायची, आणि मग पाणी प्यायच्या निमित्ताने आत जायची.

शाळेत दरवर्षी भिंगाचा धडा यायचा. उन्हात भिंग धरून कागद जाळून दाखवायचा असायचा. ते काम ती प्रयोगशाळेच्या शिपायाला सांगायची आणि कागद धुमसू लागला की खिडकीशी जाऊन मैदानाकडे बघत उभी राहायची. एकतीस वर्षं.

मागच्या महिन्यात दादाला नात झाली. सुनेने सहज म्हटलं, बाबा, मी दोन मिनिटांत येते, बाळाकडे लक्ष ठेवा. दादा ताडकन उठला. बाळाजवळ मला एकट्याला ठेवू नकोस, म्हणाला, काय विसरेन सांगता येत नाही. आणि दाराबाहेर जाऊन उभा राहिला, चप्पलही न घालता. हे ती समोरच्या खुर्चीत बसून बघत होती. त्या संध्याकाळी तिने ठरवलं. तिथेच न्यायचं, वर, भिंगासमोर. पडद्याला हात लावून सांगायचं. मग तो काय म्हणेल ते म्हणू दे.

वाटाड्या मुलगी तिशीची असेल. उन्हाने रापलेली, गळ्यात शिट्टी, बोलणं मोजकं. दादाने पहिल्या दहा मिनिटांत तिचं नाव कप्तान ठेवून टाकलं आणि तिनेही ते हसून पदरात घेतलं. बरोबर एक नवं जोडपं होतं, दोघांच्या डोक्यावर एकसारख्या टोप्या, आणि एक दुर्बीणवाले गृहस्थ, जे माणसांपेक्षा पक्ष्यांशी अधिक सभ्यतेने वागत. कप्तानने सगळ्यांना नियम समजावला. कड्यावरून उतरलं की गोट्यांचा किनारा लागतो. तो ओहोटीतच पार होतो. साडेदहापर्यंत जो पलीकडे गेला तो गेला, त्यानंतर भरतीआधी परतणं जमत नाही. मागे राहिला त्याने अलीकडेच थांबायचं, येताना त्याला घेऊ. समुद्राशी घासाघीस चालत नाही.

वाट गवतातून निघाली. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला वारा, आणि दोघांच्या मधून माणसांची ओळ मुंग्यांसारखी. गुरांनी कड्याकडे जाऊ नये म्हणून मध्ये एक फाटक होतं. सगळ्यांत शेवटी दादा आला, त्याने कडी लावली. ओढून पाहिली. दोन पावलं आला, परत गेला, पुन्हा ओढून पाहिली. आणि पुढे, चांगलं अर्ध्या मैलावर गेल्यावर, तो थांबला.

तिला कळलं होतंच. ती म्हणाली, लागली आहे कडी, मी पाहिली. तो म्हणाला, तू पाहिलीस गं, पण मी लावली का, ते मला आठवत नाही. आणि वळला. काठी टेकत, वाऱ्याला खांदा देत, तो तेवढा रस्ता मागे गेला आणि तेवढाच परत आला. सगळे खोळंबले. टोपीवाला नवरा घड्याळ बघू लागला. दुर्बीणवाल्यांना तेवढ्यात एक पाणकावळा मिळाला, म्हणून ते खूश होते.

दादा परतला तेव्हा घामाने भिजला होता. “लागली होती,” तो म्हणाला. आनंदाने म्हणाला, जणू कुणी त्याला शाबासकी दिली होती.

तिच्या तोंडाशी शब्द आले. तिथेच, गवतात, सगळ्यांसमोर. पण कप्तानने शिट्टी फुंकली, ओळ हलली, आणि तिने स्वतःला बजावलं, वर. वर गेल्यावर. आता फार दूर नाही.

उतरणीवर तिच्या बुटाने दगा दिला. बूट दहा वर्षांपूर्वीचे, एका सहलीसाठी घेतलेले आणि कपाटात ठेवलेले. उजव्याचा तळ टाचेपासून सुटला आणि पावलागणिक जिभेसारखा लोंबू लागला. तिने तो ओढत थोडी मजल मारली. मग टोकही सुटलं आणि तळ हातात आला.

कप्तानने पाहिलं, घड्याळ पाहिलं, खाली किनारा पाहिला. दहा वाजून गेले होते. ती आदबीने, पण ठाम बोलली. काकू, काका, तुम्ही दोघं इथेच सावलीत बसा. पुढचे गोटे बुळबुळीत आहेत, बुटाशिवाय पाय मुरगळेल. येताना घेऊन जाऊ. दादाने लगेच मान डोलावली. ती मान तिला ओळखीची होती. पलंगाच्या पायथ्याशी डोलावली होती तीच.

“मी येणार,” ती म्हणाली.

“काकू, हट्ट करू नका. दीपगृह कुठे पळून जात नाही.”

“दीपगृह नाही जात. मी जाते. त्रेपन्न वर्षं पळतेच आहे.”

कप्तानला त्यातलं काही समजलं नाही, पण आवाज समजला असावा. तिने हात कमरेवरून खाली घेतले. मास्तरीणबाईंनी तोवर गळ्यातला रुमाल सोडून दातांनी त्याच्या पट्ट्या फाडायला घेतल्या होत्या. दादा खाली बसला. म्हणाला, दे इकडे, तुला पहिल्यापासून गाठ मारता येत नाही. त्याने तळ बुटाला लावला, पट्टी तीनदा फिरवली, दिवेवाल्यांची ती चपटी गाठ मारली, ओढून पाहिली. मग पुन्हा ओढून पाहिली. तिसऱ्यांदा हात गेला तेव्हा तिने त्याचा हात धरला.

“पक्की आहे, दादा. तुझी गाठ सुटत नाही.”

“तू म्हणतेस म्हणून,” तो म्हणाला.

गोट्यांचा किनारा नावाइतका साधा नव्हता. नारळाएवढे, कलिंगडाएवढे दगड, शेवाळाने बुळबुळीत, पाऊल टाकलं की कुरकुरून कूस बदलणारे. पाणी एका बाजूला मागे हटून बसलं होतं, परत यायच्या बेतात. ती खाली बघून चालली. पायाखालचा दगड, मग त्याच्या पुढचा दगड. गुडघा बोलू लागला, तिने त्याचं ऐकलं नाही. मध्येच तिच्या ओठांवर लहानपणचं जिन्याचं गाणं आलं. आई त्यांना पायऱ्या चढायला लावताना म्हणायची ते.

*पहिली पायरी वाऱ्याची, दुसरी पायरी ताऱ्याची,*
*तिसरीवरती बसू नको गं, चौथी आपल्या घराची.*

पुढून दादाने न वळता पुढची ओळ म्हटली. आवाज म्हाताऱ्याचा, चाल तीच. त्याने एकही शब्द गाळला नाही. विसरणारा माणूस, तिच्या मनात आलं, आणि तिने दात आवळून पुढचा दगड गाठला.

साडेदहाला पाच मिनिटं असताना ते पलीकडच्या वाळूवर होते. टोपीवाल्या नवरीने टाळ्या वाजवल्या. कप्तानने तिला पाण्याची बाटली दिली.

आणि मग वळणावर मनोरा दिसला. खडकाच्या नाकाडावर उभा, आठवणीतल्यापेक्षा बुटका, पांढरा रंग पोपडे धरलेला, डोक्यावर काचेची खोली तीच. आता तिथे माणूस राहत नव्हता. दिवा विजेवर आपला आपण लागत होता, विझत होता. दादा थांबला. त्याने टोपी काढली, काय करावं न सुचून पुन्हा घातली. शेळी बांधायचो तो खुंटा अजून आहे बघ, म्हणाला. ती म्हणाली, आहे. त्याने काठीच्या टोकाने खुंट्याला हलकेच ढोसलं आणि बराच वेळ तो तिथेच रेंगाळला.

आत गार होतं. ओल्या चुन्याचा आणि तेलाचा वास, इतक्या वर्षांनंतरही. गोल जिना भिंतीला धरून वर वळत गेला होता. आणि पहिल्याच वळणावर, आडवी साखळी. साखळीला पाटी.

वरच्या मजल्यांचे कठडे गंजले होते म्हणे. दुरुस्ती होईपर्यंत वर जायला बंदी. कप्तानने माफी मागितली. कालच संध्याकाळी पाटी लागली, तिलाही इथे आल्यावरच कळलं. जोडप्याने नाराजीचा सूर काढला. ती साखळीपाशी गेली आणि तिने वर पाहिलं. जिना अंधारात वळून दिसेनासा झाला होता. पडदा तिकडे, भिंग तिकडे. वाटभर जुळवत आणलेलं सगळं तिकडे, त्रेसष्ट पायऱ्यांवर. तिला खाली बसावंसं वाटलं. मग असंही वाटलं की बरं झालं. परत जाता येईल, घरी जाऊन बघू, पुन्हा कधीतरी. ही दुसरी वाट तिच्या इतकी पायाखालची होती की डोळे मिटून चालता आली असती.

कप्तानने सगळ्यांना खालच्या खोलीत उभं केलं आणि पिशवीतून एक जाड कागद काढला. दीपगृहाचा इतिहास ती दरवेळी वाचून दाखवायची. पाया कधी घातला, दगड कुठून आणले, भिंग जहाजातून गवतात गुंडाळून कसं आलं. दुर्बीणवालेही ऐकू लागले. मग ती म्हणाली, “आता एक गंमत. इथे एकदा भरदिवसा आग लागली होती. दिवेवाल्याचा मुलगा सकाळी भिंगावरचे सहा पडदे ओढायला विसरला, आणि उन्हाने कपाट पेटवलं. एका विसराळू पोरामुळे दोन वर्षं दिवा अर्धाच जळत होता.”

टोपीवाला नवरा हसला. म्हणाला, म्हणजे पोरं तेव्हाही अशीच होती तर. नवरीने त्याला कोपर मारलं, तीही हसली. दादा हसला नाही. शाळेत गुरुजींनी विचारल्यावर करावा तसा त्याने हात वर केला.

“सहा नाही, आठ पडदे होते,” तो म्हणाला. “एवढं दुरुस्त करून घे, पोरी. बाकी बरोबर आहे. तो मुलगा मीच.”

कप्तानचा कागद खाली आला. ती गोरीमोरी होऊन काहीतरी पुटपुटली, मला माहीत नव्हतं काका, मी उगाच. दादाने तिला हाताने थांबवलं. अगं, तू का वाईट वाटून घेतेस, लिहिलंय ते खरंच आहे, म्हणाला. मग तो त्या जोडप्याकडे, दुर्बीणवाल्यांकडे वळला. सगळ्यांचं काहीतरी देणं लागतो अशा चेहऱ्याने सांगू लागला की वडील फार चोख माणूस होते, त्यांचा यात काही दोष नव्हता, कागदात तेवढं लिहायला हवं होतं. विसरला तो मुलगा. वडिलांनी विचारलं तेव्हा त्याला आठवेना. आजही आठवत नाही, किती डोकं खाजवलं तरी.

“तो पडदा ओढतानाचा हात दिसतो मला,” तो म्हणाला, “पण तो त्या दिवसाचा की आदल्या, तेवढं कळत नाही.”

ती साखळी सोडून पुढे आली. बांधलेला बूट दगडी फरशीवर फटफटला. सगळ्यांनी वळून पाहिलं, तिला ते दिसलं आणि चाललं. एकांत हवा होता तिला, भिंग हवं होतं, पडद्याचं कापड हाताखाली हवं होतं. यांतलं काही मिळणार नव्हतं, कधीच मिळालं नव्हतं. समोर दादा होता, त्याचा हात अजून छातीपर्यंत वर राहिला होता. तिने तो हात धरून खाली घेतला आणि सोडला नाही.

“कप्तान, तो कागद चुकीचा आहे,” ती म्हणाली. तिचा आवाज वर्गात मागच्या बाकापर्यंत जायचा तसा निघाला. “पण तुला नंतर सांगते. आधी ह्याला सांगायचं आहे.”

“काय गं, मास्तरीणबाई?” दादा म्हणाला. “पाय दुखतोय का?”

“दादा, तू काही विसरला नव्हतास. तुला दिसतो तो हात त्याच दिवसाचा आहे. आठही पडदे तू ओढलेस, खाली हाक दिलीस, मी पांघरुणात होते, मी ऐकली. तू पाण्याला गेल्यावर मी वर गेले. उगवतीचा पडदा मी उघडला. रंग बघायला. आणि तसाच टाकून शेळीमागे धावले.” तिने त्याचा हात आणखी घट्ट धरला. “बाबा तुला विचारत होते तेव्हा मी दाराशी दुधाचा पेला धरून उभी होते. तू तिसऱ्यांदा आठवत होतास. मला सांगता येत होतं, दादा. मला बोलता येत होतं. मी दूध पीत राहिले.”